जुन्या डब्याला नवं कार्ड

स्क्रीनवरच्या रेषा लाटांसारख्या दिसतात, अशी बाबांची तक्रार सुरू झाली तेव्हा त्यावर शंका घ्यायचं आमच्या कुणाच्या मनातही आलं नाही. बाबा ड्राफ्ट्समन. आयुष्यभर इमारतींचे नकाशे काढले, आधी टेबलावर वाकून आणि मग कॉम्प्युटरवर. निवृत्त झाल्यावरही एका इंजिनिअरसाठी घरी बसून जिन्यांचे नकाशे काढतात. दारातून आत येता येता "हे कपाट डावीकडे झुकलंय" म्हणणार, आणि आपण तपासायला जावं तर ते खरंच झुकलेलं असणार. त्यामुळे सरळ काय नि वाकडं काय, हे आमच्या घरात बाबा ठरवतात. बाकीच्यांनी माना डोलवायच्या.

"दिसतंय ना तुला?" त्यांनी मला खुर्चीमागे उभं करून विचारलं.

मी वाकून पाहिलं. तिरक्या रेषा जरा दातेरी दिसत होत्या. उभ्या-आडव्या मला तरी ठीक वाटल्या. पण बाबांना रेषेतलं मी काय शिकवणार?

"हो, दिसतंय खरं जरासं," मी म्हटलं.

आईला विचारायची सोयच नाही. ती स्क्रीनकडे न बघताच म्हणाली, "तुम्ही म्हणता म्हणजे असणारच."

शिवाय स्क्रीनच्या मधोमध एक डाग होता म्हणे. बाबा तो दिवसभर पुसायचे आणि ओल्या हातानं कोण बोटं लावतं, म्हणून आईवर डाफरायचे. ती बिचारी त्या टेबलाच्या वाटेलाही जात नाही.

मग इंजिनिअरचा फोन आला. बाबांचा फोन नेहमी स्पीकरवर, त्यामुळे घरात गुपित असं काही राहतच नाही. आधीचे दोन नकाशे परत आले होते. एकात आठाच्या जागी तीन पडला होता, दुसऱ्यात पायरीच एक कमी.

"काका, तुमचा जिना वर पोचतच नाही हो!" इंजिनिअर हसत होता.

"कॉम्प्युटर फार जुना झालाय," बाबा म्हणाले. "रेषाच नीट दाखवत नाही."

"बघा हं काका, नाचता येईना अंगण वाकडं असं व्हायला नको. हा तिसरा बघू. हाही चुकला तर मला दुसरा माणूस शोधावा लागेल."

बाबाही त्याच्याबरोबर हसले. फोन ठेवल्यावर मात्र बराच वेळ स्क्रीन पुसत बसले. मला त्या इंजिनिअरचा असा संताप आला होता की काय सांगू. मागे एकदा बाबांना थोडे दिवस काम नव्हतं, तेव्हा त्यांनी स्वयंपाकघरातले सगळे डबे उंचीप्रमाणे लावून टाकले होते आणि आईला महिनाभर मीठ सापडत नव्हतं. तेव्हा हसलो आम्ही. पण काम कायमचंच गेलं तर हा माणूस सकाळी उठून करणार काय, हा विचार मला पुढे नेववत नव्हता.

"ग्राफिक्स कार्ड बदलायला हवं," दादानं निकाल दिला. माझा भाऊ सर्वज्ञ आहे. त्यानं दोन दिवस इंटरनेट पालथं घातलं आणि तीन पंख्यांचं एक धूड पसंत केलं. मी मोजायची टेप घेऊन कॅबिनेट उघडलं, तर ते कार्ड आत मावायला हार्डडिस्क बाहेर काढून हातात धरावी लागली असती. मग त्यानं दोन पंख्यांचं निवडलं. ते मावत होतं, पण त्याला लागेल एवढी वीज आमचा पॉवर सप्लाय देऊ शकत नव्हता. तो बदलायचा तर मदरबोर्ड म्हातारा. एक काढावं तर दुसरं मोडतं, अशी गत. दर वेळी बाबा आशेनं विचारायचे, "मिळालं का?" आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघायचो.

शेवटी मीच दुकानात गेले. कॉम्प्युटरचं वय ऐकून दुकानदार म्हणाला, "ताई, सायकलला ट्रकचं इंजिन लावताय का?" मग त्यानं एकाच पंख्याचं छोटं कार्ड काढून दिलं. जादा वीज नको, आमच्या जुन्या मॉनिटरची पिनही त्याला बसत होती. "काम काय करतात त्यावर?"

"नकाशे. रेषा वाकड्या दिसतात."

"तिरक्या दातेरी दिसतात, ते समजू शकतो. पण उभी-आडवी रेष कुठलंही कार्ड सरळच दाखवतं."

"आमच्याकडे नाही दाखवत," मी फटकन म्हटलं. माझ्या बाबांच्या नजरेबद्दल हा कोण बोलणारा? त्यानं खांदे उडवले आणि कार्ड पिशवीत घातलं.

रविवारी सकाळी दादा जमिनीवर बसकण मारून स्क्रू फिरवत होता. आतून एवढी धूळ निघाली की आईनं पदर नाकाला लावला. मशीन चालू झालं. तिरक्या रेषांचे दात गेले होते. दादानं विजयी वीरासारखं आमच्याकडे पाहिलं.

बाबा खुर्चीत बसले. तिसरा नकाशा उघडला. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"तसंच आहे," ते म्हणाले.

दादानं सेटिंग बदलली. पुन्हा तेच. वायर काढून लावली. पुन्हा तेच.

"कार्डच खराब दिलंय त्यानं. बदलून आणा."

"बाबा," दादा चाचरत म्हणाला, "मला सरळ दिसतंय."

आमच्या घरात हे वाक्य यापूर्वी कुणी उच्चारलं नव्हतं.

"तुला काय कळतं त्यातलं?"

"मग पट्टी लावून बघा ना एकदा!" माझा आवाज चढला. मी इतकी विटले होते त्या कार्डाला.

बाबांनी खणातून त्यांची पोलादी पट्टी काढली आणि स्क्रीनवरच्या रेषेला टेकवली. मान थोडी डावीकडे केली, मग उजवीकडे, मधलं काहीतरी चुकवून पलीकडे बघावं तशी. मग पट्टी उचलून खिडकीच्या उजेडात धरली.

"ही पट्टी कुणी वाकवली?"

पट्टी सुतासारखी सरळ होती. दादानं माझ्याकडे पाहिलं. डाग स्क्रीनवर नव्हता. आठाचा तीन कॉम्प्युटरनं केला नव्हता. बाबांची नजर जात चालली होती, आणि आम्ही सगळे इतके दिवस 'हो, दिसतंय' म्हणत कार्ड शोधत होतो. आता कुणीतरी बोलायला हवं होतं.

"माझ्याच हातून वाकली," आई म्हणाली. "कपाटामागे पडली होती, ओढून काढताना."

बाबांनी पट्टीच्या कडेवर अंगठा ठेवला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवला. मग डोळे मिटून पुन्हा एकदा फिरवला. अंगठा टोकाला जाऊन थांबला आणि तिथेच राहिला.

"वस्तू जरा जपून वापराव्यात," ते आईला म्हणाले. आवाजात राग नव्हता.

"हो," आई म्हणाली. "चुकलंच माझं."