बसता येऊ नये इतकी उंची

“हिच्या पोटात फक्त दोर ठेवायचे. मुलांना आत घालायचं नाही.”

मला बनवणाऱ्या माणसाने हे पहिल्याच दिवशी शाळेच्या बाईंना बजावलं होतं. मीही ऐकलं आणि सोडून दिलं. दोर काय, मुलं काय, पोट भरलेलं असलं म्हणजे झालं, असं मला वाटलं. मित्रांनो, किती मूर्ख होते मी!

मी एक जुनी नौका आहे. समुद्र मात्र मी कधी पाहिलेला नाही. मी प्लायवूडची, लेस्टरमधल्या एका प्राथमिक शाळेच्या नाटकातली. दर नोव्हेंबरला मला हॉलमध्ये उभं करत. इंग्लंडमधले लोक समुद्र ओलांडून अमेरिकेला कसे गेले, ते मुलं माझ्यावर चढून दाखवत.

मला बनवलं दादासाहेबांनी, तीस वर्षांपूर्वी. ते या शाळेचे केअरटेकर. मूळचे वर्ध्याकडचे, सुतारकामात तरबेज. शाळेत सगळे त्यांना मिस्टर डी म्हणत. त्यांची मुलगी भावना तेव्हा याच शाळेत होती. ती खिळ्यांचा डबा धरून माझ्याजवळ बसायची, आणि ठोकता ठोकता ते तिच्याशी बोलायचे.

“बाबा, नाटकात खालचा मजला नाहीये. मग कशाला करताय?”

“नाटकात नाहीये, पण जहाजात होता ना! वर बायबल, बियाणं आणि आपली भाषा घेऊन निघालेली माणसं होती, हे खरं आहे. पण त्यांच्या मागून त्याच समुद्रावरून दुसरी जहाजं गेली. त्यांच्या पोटात आफ्रिकेतून धरून आणलेली माणसं होती, साखळीत. आणि जिथे ही सगळी उतरली, ती जमीन काय रिकामी होती? तिथेही माणसं राहत होती.”

“मिसना सांगितलं तुम्ही?”

“सांगितलं. म्हणाल्या, लव्हली, मिस्टर डी, पण मुलांसाठी सिंपल ठेवू या.” ते हसले, पण हातोडी जरा जोरात बसली. “आमच्या गावात आमची घरं ओढ्याच्या खालच्या अंगाला होती. वरच्यांनी वापरून सोडलेलं पाणी आमच्याकडे यायचं. वर कोण, खाली कोण, हे आमच्या जन्माआधीच ठरलेलं. खालचा मजला दाखवला नाही, तर लोकांना वाटतं की जहाजाला फक्त वरच असतं.”

मग त्यांनी पेन्सिल घेतली आणि माझ्या पोटात, आतल्या फळीवर लिहिलं: ‘उंची अठरा इंच. बसता येऊ नये. बघणाऱ्याला कळावं.’

पण बघितलं कुणीच नाही. तीस वर्षं माझ्या डेकवर गाणी झाली, टाळ्या झाल्या. पांढऱ्या टोप्या घातलेल्या मुली माझ्या कठड्याला टेकून फोटो काढून घेत. अमेरिका कुणी घडवली, तर या डेकवरच्या माणसांनी, असं शेवटच्या गाण्यात होतं. ते ऐकून ऐकून माझाही त्यावर विश्वास बसला. पोटात दोर होते, एक फुटकी बासरी होती आणि कुणाचा तरी हरवलेला स्वेटर.

दादासाहेब रिटायर झाले, तरी दर नोव्हेंबरला नाटकाआधीच्या शुक्रवारी स्क्रूड्रायव्हर घेऊन यायचे. या वर्षी त्यांच्याबरोबर भावनाची मुलगी होती, नऊ वर्षांची मनाली. आता नाटक तिचाच वर्ग करणार होता.

घरी दादासाहेबांचं एकच सांगणं असायचं. पुढच्या रांगेत बस, मिसने विचारलं की पहिला हात तुझा वर गेला पाहिजे. त्यांच्या लहानपणी त्यांना वर्गात दाराजवळ बसवत, म्हणून.

आणि मनालीने हात वर केला होता. नव्या मिसनी विचारलं, “डोलकाठीवर चढून ‘जमीन दिसली!’ असं कोण ओरडणार?” तेव्हा पहिला हात तिचाच होता. काम मिळालं साराला. का, ते मिसनी सांगितलं नाही. मग त्या म्हणाल्या, या वर्षी आपण अर्धीच गोष्ट सांगायची नाही, खालची माणसंही दाखवायची. मित्रांनो, त्यांचा हेतू चांगला होता. दादासाहेब तीस वर्षं याचीच तर वाट बघत होते. पण खाली कोण झोपणार, असं विचारल्यावर एकही हात वर गेला नाही.

मागून कुणीतरी म्हणालं, “मनालीला घ्या मिस, तिला रंग लावावा नाही लागणार.”

थोडी मुलं हसली. मिस हसल्या नाहीत. पण त्यांनी नाव लिहून घेतलं. त्याखाली वेद, अमारा आणि यूसुफ. डेकवरच्या सगळ्यांना स्क्रिप्टमध्ये नावं होती. या चौघांना होते आकडे. मनाली झाली ‘कैदी एक’.

हे तिने घरी सांगितलं नाही. त्या शुक्रवारी आजोबा माझे स्क्रू आवळत होते आणि ती बाजूला उभी होती.

“मग काय पार्ट मिळाला आमच्या बाईसाहेबांना?”

“ते वरचा. जमीन दिसतो, तो.”

“अरे वा! दाखव बघू.”

ती भराभर चढली आणि एवढ्या जोरात ओरडली की हॉलमध्ये घुमलं. दादासाहेबांनी टाळ्या वाजवल्या, डोळे पुसले. मला सगळं माहीत होतं. मी फक्त करकरले, आणि त्यांनी त्या जागी तेल घातलं.

नाटकाच्या दिवशी दादासाहेब कोट घालून पहिल्या रांगेत बसले, शेजारी भावना मोबाइल सरसावून. चार मुलं माझ्या पोटात आडवी होती, मनगटांवर करड्या कागदाच्या साखळ्या. वीस मिनिटं. यूसुफला खोकला येत होता. मनालीने उठून बसायचा प्रयत्न केला, तर डोकं फळीवर आपटलं. तिथेच तिला ते अक्षर दिसलं. फटीतून येणाऱ्या उजेडात तिने एकेक शब्द जुळवत वाचलं. उंची अठरा इंच. बसता येऊ नये. आजोबांचं अक्षर तिने ओळखलं. त्यांनीच तर तिला मराठी लिहायला शिकवलं होतं.

वर सारा ओरडली, “जमीन दिसली!” मला कळलं, पहिल्या रांगेत कुणीतरी टाळ्यांसाठी उचललेले हात खाली घेतले. मग झाकण उघडलं आणि कैदी एक बाहेर आली.

हॉल रिकामा होत होता. दादासाहेब माझ्यापाशी येऊन गुडघ्यांवर बसले आणि तिच्या मनगटावरची कागदाची साखळी सोडवू लागले.

“आजोबा, हे तुमी मुद्दाम छोटा केला? बसायला नाही यावा म्हणून?”

“मनू, अगं ते…”

“मुद्दाम केला?”

त्यांना खोटं बोलता येत नसे. “हो.”

“कोणासाठी?”

ते तिच्याकडे बघत राहिले. भावना म्हणाली, “मनू, गाडीत बोलू आपण, चल.” पण गाडीत कुणी बोललं असेल, असं मला वाटत नाही.

नंतर मिस रडल्या, घरोघर माफीचं पत्र गेलं. मला सायकलींच्या शेडमध्ये टाकलं. ही शेड शाळेच्या मागच्या गेटला लागून आहे. इतकी वर्षं सव्वातीनला दादासाहेब त्या गेटवर यायचे, आधी भावनासाठी, मग मनालीसाठी. खिशात चिक्की असायची. आता भावना येते. परवा ती फोनवर बोलताना ऐकू आली. “बाबा, उचला ना हो. तिसऱ्यांदा मेसेज ठेवतेय. काल पण तुम्ही दार नाही उघडलंत. मनू तुमच्याशी बोलेल हो, थोडा वेळ द्या तिला.”

तिला माहीत नाही, पण मनाली बोलली आहे. मंगळवारी खेळाच्या सुट्टीत ती एकटी शेडमध्ये आली. माझं झाकण उचललं, आत सरकली आणि आडवी होऊन आजोबांच्या ओळीखाली पेन्सिलने लिहू लागली. मनाली. वेद. अमारा. यूसुफ. थोडा वेळ थांबली. मग पाचवं नाव लिहिलं: आजोबा.

खालच्या माणसांत तिने त्यांनाही धरलं आहे. ही गोष्ट तिच्या-माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही, आणि सोमवारी मला मोडीत न्यायला गाडी येणार आहे.

मित्रांनो, माझी डागडुजी राहू द्या, मला वाचवू नका. पण तुमच्यापैकी कुणी शाळेच्या मागच्या गेटसमोरच्या रस्त्यावर राहत असेल, तर त्या रस्त्याच्या टोकाला दादासाहेबांचं निळं दार आहे, त्याची बेल वाजवा. आज वाजवा. त्यांचे गुडघे दुखतात, उठायला वेळ लागतो, तेव्हा एकदा वाजवून परत फिरू नका, थांबा. आणि दार उघडलंच, तर त्यांना एवढंच सांगा, की सोमवारच्या आत एकदा शेडमध्ये या आणि तुमच्या अक्षराखाली काय लिहिलंय ते वाचा.