शेफालीचं बोट

भोरच्या एका संस्थेनं कॉलेजच्या पोरींना पगार देऊन खेड्यातल्या लहान पोरांना वाचायला शिकवायचं ठरवलं, तेव्हा सुलक्षणानं आपलंच गाव हिर्डोशी मागून घेतलं. एसटीचा भरवसा नाही म्हणून बाकीच्या पोरींनी नाकं मुरडली होती. हिला मात्र तिथंच जायचं होतं. तिथं दुसरीत शेफाली होती, आणि शेफाली सावळारामची नात होती.

ह्याच सावळारामनं, शाळा समितीचा अध्यक्ष असताना, खिचडी शिजवणाऱ्या फुलाबाईवर तांदूळ चोरल्याचा आळ घेतला होता. भर पटांगणात तिची पिशवी उलटी केली. पडली काय, तर कुत्र्यासाठी नेलेली करपलेली खरवड! तरी गाव खो खो हसलं. फुलाबाई म्हणजे सुलक्षणाची आई. तिसरीतली सुलक्षणा तेव्हा रांगेत उभी होती. ते हसू तिला म्हाताऱ्याच्या पदरात परत घालायचं होतं, त्याच पटांगणात.

बाकीच्या पोरांना तिनं अक्षर न् अक्षर ओळखायला शिकवलं. शेफालीकडून मात्र नुसता कोल्ह्याचा धडा घोकून घेतला. ओळीखाली बोट कसं सरकवायचं, पान कधी उलटायचं, सगळं पक्कं. पोर घडाघडा म्हणू लागली न् सावळाराम तिला दारोदार मिरवू लागला.

"नात वाचती आमची! बघा तरी!"

मिरव लेका, मिरव, सुलक्षणा मनात म्हणायची.

पटांगणातल्या वाचनाच्या कार्यक्रमाला म्हातारा फेटा बांधून पुढं बसला. शेफाली उभी राहिली. सुलक्षणानं तिच्या हातात निराळंच पुस्तक दिलं. पानावर एवढा मोठा हत्ती! पोर गोंधळली, ताईकडं बघायला लागली. ताईनं हसून मान हलवली. "वाच."

शेफालीनं कोल्हा सुरू केला.

"अगं, हत्ती हाय त्यो!" मागची पोरं फिसकन हसली, मग सारं गाव हसलं. सावळारामचं तोंड काळंठिक्कर पडलं. नातीकडं न बघताच तो उठून चालता झाला. सुलक्षणाचं काळीज निवलं. अगदी असंच हवं होतं तिला.

त्या हशातच शेफालीनं धडा शेवटपर्यंत म्हटला, पान जिथं उलटायचं तिथं उलटलं. मग डोळ्यांतलं पाणी बाहीनं पुसत ती सुलक्षणापाशी आली.

"ताई, म्या बोट तर नीट फिरवलं ना?"