उलटं बोट

सकाळचं ऊन आमच्या स्वयंपाकघरात कधीच एकदम येत नाही. आधी समोरच्या इमारतीवरल्या पाण्याच्या टाकीची कड उजळते, मग खिडकीच्या गजांमधून एक फिकट पट्टा आतल्या भिंतीवर उतरतो. कडा पिवळ्या पडलेल्या स्विचबोर्डापाशी तो थोडा रेंगाळतो आणि तिथून सावकाश ओट्याकडे सरकतो. मिठाच्या बरणीला शिवतो, उपड्या घातलेल्या वाट्यांवरून घसरतो, आणि शेगडीच्या निळ्या ज्योतीवर पडला की ती ज्योत जवळजवळ दिसेनाशी होते. जळत असते, पण आहे की नाही ते कळत नाही. लहानपणापासून मी या पट्ट्याचा प्रवास पाहत आलो आहे. फारसं बोलता न येणाऱ्या माणसाला असे सोबती पुरतात.

त्या दिवशी पट्टा शेगडीपाशी पोहोचला तेव्हा तिथे बाबांचे हात होते. उतू जाऊ लागलेल्या दुधाचं पातेलं त्यांनी दोन्ही हातांनी काठाला धरून उचललं, ओट्याच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवलं, आणि मग पेपर आला का म्हणून विचारलं. सांडशी खिळ्याला टांगलेली होती. त्यांच्या बोटांची टोकं माझ्यादेखत लाल होत गेली.

"अहो, ती सांडशी काय शोभेला टांगलीय?" आई म्हणाली. "आणि शुगरची गोळी घेतलीत का?"

"कसलेले हात आहेत हे. तुझ्या सर्टिफिकेटचे नव्हेत."

सर्टिफिकेट म्हणजे मी. तीन महिन्यांचा वायरमनचा कोर्स करून मी घरी आलो, त्या दिवसापासून बाबांनी माझं खरं नाव जवळजवळ टाकूनच दिलं. "सर्टिफिकेट, पक्कड दे." "सर्टिफिकेट, शिडी धर, पुस्तकात शिडी होती ना?" त्या चेष्टेत विष नव्हतं. पस्तीस वर्षं ज्याने भिंतींच्या पोटातल्या तारा हाताने चाचपून ओळखल्या, त्याला तीन महिन्यांचा हिशोब हास्यास्पद वाटणं साहजिक होतं.

आणि त्या हातांना खरोखरच कळत असे. सैल झालेला स्क्रू ते बोर्डावर नुसता तळवा ठेवून, तिथल्या उबेवरून ओळखत. यंत्राच्या पत्र्यात करंट उतरला आहे का, हे पाहायची त्यांची रीत तर ठरलेली होती. चप्पल काढायची, अनवाणी उभं राहायचं, आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाची पाठ पत्र्याला हलकेच टेकवायची. पाठच, कारण करंटने हात आवळला जातो. तळव्याकडून लावला तर तो वस्तूला चिकटून राहतो, पाठीकडून लावला तर सुटतो. "चप्पल घालून विचारलंस तर मशीन खोटं सांगतं," असं ते म्हणत. मीही ते त्यांच्याकडूनच शिकलो होतो, कोर्सच्या खूप आधी. कोर्सच्या पहिल्याच आठवड्यात शिक्षक म्हणाले, "हात हे मोजायचं साधन नाही." ते वाक्य मी वहीत लिहून घेतलं, खाली दोन रेघा ओढल्या, आणि घरी त्याचा कधी उच्चार केला नाही.

थंडीपासून मी काही गोष्टी पाहत होतो आणि त्यांना एकमेकींच्या शेजारी बसू देत नव्हतो. स्क्रू बाबांच्या चिमटीतून निसटून पडत. एकदा सोल्डरिंगची तापलेली सळई त्यांच्या करंगळीला टेकून राहिली, आणि वास आला तेव्हा त्यांनी आधी वायरकडे पाहिलं. शर्टाची बटणं ते आता मान वाकवून, बघून लावत. प्रत्येक वेळी मी स्वतःला म्हणे, वय झालं, थंडी आहे, घाई होती. मीटर माझ्या पिशवीत असे. बाबा त्याला घड्याळ म्हणत. "किती वाजले तुझ्या घड्याळात?" असं त्यांनी चारचौघांत विचारलं, की ते बाहेर काढायचा धीर मला होत नसे.

पेपर उघडायच्या आत फोन वाजला. लॉन्ड्रीवाल्या मावशींचा होता. आदल्याच दिवशी आम्ही त्यांचं कपडे धुण्याचं मोठं मशीन पाहून आलो होतो. हाताला झिणझिण्या येतात अशी त्यांची तक्रार होती. बाबांनी चप्पल काढून, बोट टेकवून सांगितलं होतं, "साफ आहे. मनाचे खेळ."

"वायरमन, आज हात चिकटला माझा," मावशींचा आवाज मला पलीकडूनही ऐकू येत होता. "सुनेने ओरडून बटण बंद केलं म्हणून सुटले. हे पण मनाचे खेळ असतील तर तसं सांगा, मी मांत्रिकाला बोलावते."

बाबा हसले नाहीत. चहा तसाच ठेवून आम्ही निघालो.

रस्त्यात दुकानांची शटर्स उघडत होती. वरून कोवळं ऊन घरंगळत होतं, आणि सगळं रोजच्यासारखंच होतं, ही गोष्ट मला सहन होत नव्हती. मी बाबांच्या उजव्या हाताकडे पाहत चाललो होतो. पातेल्याच्या काठाने उमटवलेला पट्टा बोटांवर आता फुगू लागला होता. त्याच बोटांत त्यांनी हत्यारांच्या पिशवीचा बंद आवळून धरला होता, आणि तो बंद नेमका त्या फोडांवरून जात होता.

"बाबा, पिशवी मी घेतो."

"कोर्समध्ये ओझं उचलायचं पण शिकवतात?"

त्यांनी बंद आणखी आवळला.

लॉन्ड्रीतली फरशी ओली होती. मशीन मागच्या भिंतीला लागून होतं. बाजूला चादरींचा ढीग, आणि ढिगापलीकडे मावशींची सून, सातवा महिना लागलेली, कमरेवर हात ठेवून उभी.

"हिला मी आता मशीनपाशी येऊ देत नाही," मावशी म्हणाल्या. "पण आज ना उद्या हात लागणारच. तुम्ही नीट बघा, आणि खरं सांगा."

"कालही खरंच सांगितलं होतं," बाबा म्हणाले. "मशीन लावा."

ड्रम फिरू लागला. बाबांनी चप्पल काढली, ओल्या फरशीवर पाय रोवले आणि बोटाची पाठ पत्र्याला टेकवली. त्यांचा चेहरा शांत होता, एखाद्याची नाडी पाहणाऱ्या माणसासारखा. पण मी चेहऱ्याकडे पाहत नव्हतो. त्यांच्या मनगटाजवळची एक शीर बारीक उडत होती. थांबत होती, पुन्हा उडत होती. हाताला जे समजत होतं, ते त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हतं.

"साफ आहे," बाबा म्हणाले.

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. सुनेनेही पाहिलं. मी पिशवी उघडली आणि मीटर काढलं. माझा आवाज इतका बारीक निघाला की तो मलाच परका वाटला. "बाबा, जरा बाजूला व्हा."

"निघालं बघा साहेबांचं घड्याळ."

मी एक टोक नळाला लावलं, दुसरं मशीनच्या पत्र्याला. आकडा थरथरला आणि ब्याण्णव व्होल्टवर थांबला. ड्रमने वेग घेतला तसा तो चढू लागला. शंभर. एकशे चार.

"एकशे चार आहे," मी म्हणालो.

"सेल उतरला असेल त्याचा."

"नवा आहे."

"मीटरला काय कळतं? हात लावून सांग."

शिक्षकांचं दोन रेघांचं वाक्य मला आठवलं. तरीही मी चप्पल काढली, कारण या खोलीत बाबा ज्याच्यावर विश्वास ठेवतील असं दुसरं काहीच नव्हतं. मी मधल्या बोटाची पाठ टेकवली, त्यांनी शिकवली होती तशी. कोपरापर्यंत कुणीतरी दात रोवले. हात आपोआप मागे उडाला आणि बाजूच्या चादरींवर आपटला.

बाबांनी मीटरकडे पाहिलं नाही. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं.

"लागला?"

"हो."

"जोरात?"

"हो, बाबा."

त्यांनी स्वतःच प्लग ओढून काढला. मशीन घुमत घुमत थांबलं. मशीन भिंतीपासून ओढून ते मागे उकिडवे बसले आणि मागचा पत्रा उघडला. पत्र्यात उतरलेला करंट जमिनीत नेणारी अर्थिंगची हिरवी तार स्क्रूपाशी तुटून लोंबत होती. आदल्या दिवशी त्यांनी ती बोटाने चाचपून पाहिली होती आणि घट्ट आहे असं म्हटलं होतं.

"मावशी, करंट मोटरमधून उतरतोय. ती बदलेपर्यंत हे लावायचं नाही," ते म्हणाले. "कुणीही. काल माझं चुकलं."

मावशींनी सुनेला हाताला धरून पुढच्या खोलीत नेलं.

बाबांनी उजव्या हाताचं मधलं बोट डाव्या हाताच्या नखाने दाबलं. आणखी जोरात दाबलं. मग दुसरं, मग तिसरं. फोड फुटला, पाणी आलं, आणि ते त्याच्याकडे दुसऱ्या कुणाच्या तरी हाताकडे पाहावं तसे पाहत राहिले.

"पाळणाघरातलं थंड पाण्याचं मशीन," ते हळूच म्हणाले. "आपण कधी गेलो होतो?"

"बारा दिवस झाले."

"तिथे मीटर लावलं होतंस?"

"नाही. तुम्ही हात लावला होता."

"पोरांना झटके लागतात म्हणून बोलावलं होतं ना त्यांनी?"

"हो."

"फोन लाव. म्हणावं, प्लग काढा, आम्ही निघालोय."

मी फोन लावला. रिंग वाजत राहिली. ही मुलांना आणून सोडण्याची वेळ होती. दारात गर्दी असेल, कुणाला ऐकू येत नसेल. मी पुन्हा लावला. बाबा चप्पल घालत होते आणि त्यांचा अंगठा पट्ट्यात शिरत नव्हता. त्यांनी वाकून, डोळ्यांनी पाहत तो आत सारला. रिंग वाजतच होती. दारातून आलेला उन्हाचा पट्टा ओल्या फरशीवरून त्यांच्या हातापर्यंत पोहोचला होता, आणि त्या उजेडात मला टाळता येण्यासारखं काही उरलं नव्हतं.

थंडीपासून बाबांच्या बोटांना काहीच लागत नव्हतं, आणि ते मला माहीत होतं.