देठ खुडलेल्या मिरच्या

तिने फ्रीजमधला डबा उघडला आणि झाकण हातात तसंच राहिलं.

आत हिरव्या मिरच्या होत्या. एकीलाही देठ नव्हता. तळाशी कोरडा सुती फडका, त्यावर मिरच्या ओळीने निजवलेल्या, वर पुन्हा एक फडका. कुठे काळा डाग नाही, पाण्याचा थेंब नाही. तिच्या हाताखाली मिरच्या बाजारातून आलेल्या पिशवीतच पडून राहायच्या आणि निम्म्याशिम्म्या चिकट होऊन कचऱ्यात जायच्या.

धाकट्या बहिणीच्या बाळंतपणाला गेलेली ती आज दुपारीच परतली होती. मागे घरात एकटा नवरा. पाणी तापवायला ठेवून भांडं करपवणारा माणूस!

हे बाईच्या हातचं काम होतं.

संध्याकाळी तो छापखान्याच्या नेहमीच्या वेळेला आला, हातपाय धुऊन खुर्चीत बसला. तिने चहाऐवजी तो डबाच त्याच्यापुढे ठेवला.

"कोण येत होतं घरात?"

"कोण येणार?"

"मग हे कुणी केलं?"

त्याने डब्याकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली. "मीच."

ती हसली, ते हसणं तिच्याच कानाला टोचलं. "मीठ कुठल्या बरणीत असतं ते अजून मला विचारता, आणि मिरच्या निवडता? माझ्या डोळ्यांत धूळ फेकू नका." येताना आणलेल्या मिरच्या तिने परातीत ओतल्या. "बसा. माझ्यासमोर करा."

तिला वाटलं, आता तो चिडेल, उठून जाईल. पण तो खाली बसला. बाह्या दुमडल्या, फडका पसरला. मिरची पुसायची, अंगठ्याच्या नखाने देठ खुडायचा, फडक्यावर ठेवायची. पिचकी लागली की बोटांनाच कळत होतं. न पाहताच ती मिरची बाजूला पडत होती. टक्, टक् आवाज एका लयीत येत राहिला.

परातीतला ढीग उतरत गेला तसा तिचा राग उतरला. दुसरी बाई नव्हती. पण तिची नजर त्याच्या सराईत बोटांवरून हटेना.

"अहो, हा हात काल-परवा बसलेला नाही."

"नाही."

"मग?"

"छापखाना बंद पडला," तो मिरच्यांना सांगावं तसं म्हणाला. "हिवाळ्यातच. एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात लागलोय. भाज्या निवडतो, चिरतो."

हिवाळा सरून उन्हाळाही संपत आला होता. रोज संध्याकाळी ती विचारायची, आज काम फार होतं का? आणि तो म्हणायचा, होतं थोडं. एवढं सगळं समोर असताना तिला भलतंच सुचलं.

"आणि मी भरून देते तो जेवणाचा डबा?"

"खातो की. मागच्या पायरीवर बसून. तिथे जेवण मिळतं, पण तुझा डबा भरलेला परत कसा आणायचा?"

"मला सांगावंसं वाटलं नाही?"

"रोज सकाळी सांगणार असायचो. तू माझ्या शर्टाला इस्त्री करत असायचीस."

ती त्याच्यासमोर बसली. भांडायला हवं होतं, जाब विचारायला हवा होता. त्याची मान खालीच होती. अंगठ्याचं नख हिरवं पडलं होतं, कडेला कातडी सोलली होती. इतके महिने हाच हात तिच्यापुढे जेवत होता.

तिने परात थोडी आपल्याकडे ओढली.

"तिथे तुम्हाला कुणी अरे-तुरे करतं का हो?"

पहिल्यांदाच त्याचा हात थांबला.

"सुरुवातीला करायचे," तो म्हणाला. "आता मामा म्हणतात."