अक्षताचं परतीचं तिकीट

वजिरा गावठाणातल्या आपल्या घराच्या ओट्यालगतच्या खोलीत विनी वकिली करायची. हॉलंडमध्ये ती आंतरराष्ट्रीय कायदा शिकली होती, मग सात वर्षं तिथल्याच एका संस्थेत परदेशातून आलेल्या बायकांच्या केसेस लढली. आई थकली म्हणून बोरीवलीला परतली. तरी दुपारी डोळा लागला की कालव्यावरचं फिकट ऊन, सायकलींच्या घंटा आणि नाना भाषांत रडणाऱ्या बायका तिच्या पापण्यांआड तरंगत राहायच्या.

अशाच एका दुपारी भांडुपची अक्षता आली, आई मालनला घेऊन. विनीला क्षणभर वाटलं, ही तिकडच्या संस्थेतल्याच बाकावरून उठून आलीय.

अक्षताचा नवरा सौरभ रॉटरडॅमला नोकरीला. सुट्टीसाठी म्हणून तिघं तिच्या माहेरी भांडुपला आली. पाचव्या दिवशी चार वर्षांच्या लेकीला, जुईला, आपल्या वडिलांना भेटवून आणतो म्हणाला आणि तिला घेऊन थेट विमानात बसला. अक्षताचा पासपोर्टही त्याच्याच बॅगेत.

"तिकडच्या कोर्टात त्याने सांगितलंय, मीच सोडून गेले," अक्षता म्हणाली. "मॅडम, मला रोज स्वप्नात ते घर दिसतं. खिडकीखाली पाणी, आणि जुई पाण्यावरून चालत येते. मी हात पुढे केला की जाग येते."

"कोर्टात वकील तिकडचीच लागेल. माझी मैत्रीण मारिट उभी राहील," विनी म्हणाली. "पण मला सांग, जाण्यायेण्याची तिकिटं एकत्रच काढली होती ना?"

"हो, तिघांची."

विनीने अक्षताच्या नावाने विमान कंपनीला पत्र धाडलं. दीड महिन्याने उत्तर आलं. अक्षताचं एकटीचं परतीचं तिकीट सौरभच्या खात्यावरून रद्द झालं होतं, तेही रॉटरडॅमहून निघायच्या नऊ दिवस आधी.

"म्हणजे आधीच ठरवल्यान मेल्यान!" मालन कडाडली.

सुनावणी स्क्रीनवर झाली. इथे दुपारचे साडेतीन, तिथे सकाळचे अकरा. अक्षताच्या एका गालावर खिडकीतलं पिवळं ऊन होतं, दुसऱ्यावर परक्या सकाळचा राखाडी उजेड. मारिटने विमान कंपनीचं पत्र वाचून दाखवलं. मग न्यायाधीशबाईंनी दुभाष्यामार्फत विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय?



"झोपताना ती माझा कान धरते," अक्षता म्हणाली. "आता काय धरते, कुणी विचारलंय तिला?"

दुभाष्याने ते जसंच्या तसं डचमध्ये सांगितलं.

निकाल लागला, जुई आईकडे राहील. नवा पासपोर्ट, व्हिसा होईपर्यंत जुईला नेल्याला अकरा महिने उलटले होते. अक्षता रॉटरडॅमला जुईकडे गेली.

आठवड्याने तिचा फोन आला.

"मॅडम, ओळखलंन मला. पण दिवसभर तिथल्या पाळणाघरात राहून मराठी पार विसरलीय. आज मात्र 'भूक' म्हणाली."

"मग काय दिलंस?"

"मऊ भात. दोनदा मागून खाल्लान."

विनीने डोळे मिटले. पापण्यांआड तेच कालव्यावरचं ऊन होतं, पण आज कुणी रडत नव्हतं. आई आतून हाक मारत होती, तरी ती तशीच बसून राहिली.