नऊ दिवसांची पट्टी

दोन दिवसांच्या पावसानं बांध भुसभुशीत झाला होता आणि तात्यांनी बजावलंही होतं, "आज दगडांना हात लावू नकोस." पण काकू ऐकेल तर ना! ढासळलेला बांध रचायला ती एकटीच गेली, वरचा धोंडा सुटला आणि थेट नडगीवर आला. हाड कातडी फाडून बाहेर आलं, चिखलानं माखलेलं.

दुसऱ्या कुणाचा नवरा हातपाय गाळून बसला असता. पण हे पट्टीवाले तात्या. आसपासच्या गावांत कुणी झाडावरून पडो नाहीतर कुणाला बैल उडवो, आधी तात्यांची ओसरी गाठायची. त्यांनी अंगठ्यानं हाड आत लोटलं, वर पाल्याचा जाड लेप थापला, चहूबाजूंनी बांबूच्या कामट्या लावल्या आणि गुडघ्यापासून बोटांपर्यंत पट्टी करकचून आवळली.

"नऊ दिवस सोडायची नाही," ते म्हणाले. हा त्यांच्या बापापासूनचा नेम. त्या नेमानं कितीतरी माणसं चालती झाली होती, हे खोटं नाही. पण त्या सगळ्यांची कातडी शाबूत होती, एवढी साधी गोष्ट शहाण्या माणसाच्या डोक्यात आली नाही.

तिसऱ्या दिवशी काकूला ताप चढला.

"ठणकतंय का गं?"

"ठणकणारच की. हाड मोडलंय, काटा नाही मोडला." वर हसलीसुद्धा. तात्यांना तेवढंच हवं होतं.

पाचव्या दिवशी ती म्हणाली, "माझी खाट गोठ्यात न्या. तिकडं वारा बरा लागतो." तात्यांनी खाट नेली. गोठ्यात वास यायचा, पण गोठ्यात वास येणारच, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

सातव्या दिवशी शेजारच्या बाळाला लस टोचायला दवाखान्यातली नर्सबाई आली होती. काकूला बघायला म्हणून दारात आली आणि तिथंच थबकली.

"तात्या, हा वास शेणाचा नाही."

"अजून दोन दिवस आहेत, बाई. पट्टीला हात लावू नका."

"दोन दिवसांनी बाई राहायची नाही तुमची," नर्सबाई म्हणाली आणि तिनं कात्री काढली. कामट्या सुटल्या. पायाची बोटं काळी पडली होती. तात्यांनी एकदाच पाहिलं आणि गाडी बोलवायला धावले.

शहरातल्या मोठ्या दवाखान्यात गुडघ्याखालून पाय कापला. महिन्यानं काकू घरी आली. कापलेल्या पायाची जखम रोज धुऊन बांधायला हवी होती, आणि नर्सबाई रोज कुठून येणार? तिनं तात्यांनाच शिकवलं. साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचे. उकळून निवलेल्या मिठाच्या पाण्यानं जखम धुवायची, ओलं गॉझ ठेवायचं, वर कोरडं ठेवून सैल पट्टी गुंडाळायची.

"आवळू नका, तात्या. आणि पुन्हा कुणाचं हाड बाहेर आलेलं दिसलं तर आत लोटू नका. ओल्या स्वच्छ फडक्यानं झाकायचं, पाय हलू द्यायचा नाही आणि लगेच गाडी काढायची. त्याच दिवशी आणलं असतं तर..." जन्मभर पट्ट्या आवळलेल्या तात्यांनी ती पट्टी तीनदा सोडून पुन्हा सैल गुंडाळली.

एका दुपारी जखम धुता धुता त्यांनी विचारलं, "तुला वास येत होता ना गं?"

"चौथ्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही ओसरीवर त्या लोहाराचा हात बांधत होता. त्याला सांगत होता, कितीही दुखलं तरी नऊ दिवस सोडायचं नाही, माझ्या बायकोलाही तोच नेम आहे. मी आतून ओरडले असते तर त्यानं काय समजायचं? म्हणून तर गोठ्यात गेले."

तात्यांना हुंदका आवरेना. एवढा धीराचा माणूस, पण त्या दिवशी काळीज पार फाटलं त्यांचं. गॉझ हातातच राहिलं.

"अहो, डोळ्यांतलं पाणी त्यात पडू देऊ नका," काकू हळूच म्हणाली. "बाई रागावतील."

तात्यांनी ते गॉझ टाकून दिलं, तळहातानं डोळे पुसले. मग उठले, साबणानं पुन्हा कोपरापर्यंत हात धुतले आणि पहिल्यापासून सुरुवात केली.