चारचं गिऱ्हाईक

सलूनवाल्याने खुर्चीवरचे केस झटकले आणि नंबरांची वही डोळ्यांजवळ नेली. चार वाजताच्या ओळीत शिसपेन्सिलीने, अक्षर वळणदार काढायची पराकाष्ठा करून, लिहिलं होतं : बाबा.

कोपऱ्यात त्याची आठ वर्षांची लेक गृहपाठात डोकं खुपसून बसली होती. इतका मन लावून अभ्यास तिने जन्मात केला नव्हता.

"हा काय चावटपणा?"

"नंबर लावलाय," ती वर न बघता म्हणाली.

"बाबा कधी नंबर लावतो का? मास्तर, या, तुमचं उरकून टाकू."

बाकावर निवृत्त मास्तर पेपर वाचत होते. नंबर पाचचा, पण ते साडेतीनलाच येऊन बसत.

"वहीत ज्याचं नाव त्याची खुर्ची, हा तुमचाच नियम," मास्तर म्हणाले. "माझ्या जावयालासुद्धा ताटकळत ठेवलं होतंत."

बायको नर्स, महिनाभर तिची दुपारपाळी, घरी यायला मध्यरात्र. त्यामुळे पहाटे डबे, मग लेकीची शाळा, मग रात्री नऊपर्यंत दुकान. जेवणही तो उभ्यानेच उरकायचा. दिवसभर लोकांचे केस कापणाऱ्याचे स्वतःचे केस कानांवर आले होते. मान इतकी अवघडली होती की कुणी हाक मारली तर तो अख्खाच्या अख्खा वळायचा. काल तर एका गिऱ्हाइकाच्या कानाला कात्री लागता लागता राहिली. गिऱ्हाइकाला पत्ता नव्हता. लेकीने मात्र आरशात पाहिलं होतं.

"आणि कापणार कोण? तू?"

तेवढ्यात दार ढकलून समोरच्या सलूनचा मालक आत आला, स्वतःची कात्री आणि कंगवा घेऊन. बारा वर्षं दोघांची दुकानं समोरासमोर, पण मान हलवण्यापलीकडे बोलणं कधी गेलं नव्हतं.

"चारला या म्हणून निरोप होता," त्याने लेकीकडे बोट दाखवलं. "बसा."

सलूनवाला अवघडून बसला. आपल्या खुर्चीची गादी इतकी मऊ आहे, हे त्याला आजच कळत होतं. मानेवर गार पाण्याचा फवारा आला आणि त्याला फार बरं वाटलं.

"बाजूने बारीक, आणि मागे जरा..."

"मला शिकवू नका."

तो हसला, आणि पुढे काही बोलायच्या आतच गाढ झोपला.

जाग आली तेव्हा पाचला दोन मिनिटं कमी होती. बाकावर समोरच्या दुकानाचा मालक आणि मास्तर पेपरची पानं वाटून घेऊन वाचत होते. तो ताडकन उठला.

"अरे, साडेचारवाला परत गेला की काय?"

लेकीने वही पुढे केली. साडेचारच्या ओळीतही लिहिलं होतं : बाबा.

"चारला केस," ती म्हणाली. "साडेचारला झोप."

रागवावं म्हणून त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. मान वळली, अंग होतं तिथेच राहिलं. त्याला इतकं हसू आलं की रागवायचं राहूनच गेलं.

मग त्याची नजर समोरच्याच्या डोक्यावर गेली. तिथेही कानांवर रान माजलं होतं.

"तुमचे कोण कापतं?"

"घरी दोन पोरं, दुकानात मी एकटा. कोण कापणार?"

त्याने वहीचं पान उलटलं, पेन्सिल घेतली. "मंगळवारी, चार?"

समोरच्याने आरशात बघत केस मागे सारले. "चालेल."

"बाबा," लेक म्हणाली, "दोन ओळी लिही."